नदीकाठची युद्धकाळातली जहाजगोदी शोधायची आणि वाचायची कशी: कागदापासून गाळापर्यंत

बुडालेलं जहाज सापडलं की लगेच बातमी होते, पण ते जिथे बांधलं त्या गोदीकडे फारसं कुणी वळून बघत नाही. त्यात ती गोदी युद्धाच्या घाईत नदीकाठी उभी केलेली असेल, दोन-तीन वर्षंच चालली असेल आणि शत्रू जवळ आल्यावर आपल्याच माणसांनी सोडून दिली असेल, तर आज तिथे दिसते फक्त झाडी, गाळ आणि पाण्याकडे जाणारा थोडासा उतार. मला अशा जागा जहाजापेक्षा जास्त बोलक्या वाटतात. जहाज ही तयार झालेली वस्तू असते, गोदीत सापडतं ते काम. लाकूड कुठे उभं राहून तासलं, लोखंड कुठे तापवलं, काय कमी पडलं आणि मग कशावर भागवलं, हे सगळं मातीत राहतं.

हा लेख पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांसाठी, पहिल्यांदा फील्ड स्कूलला (प्रत्यक्ष खोदकाम शिकायच्या शिबिराला) जाणाऱ्यांसाठी आणि असे रिपोर्ट वाचताना "हे यांना कळलं कसं?" असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी आहे. मुख्य उदाहरण घेतोय अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या मार्स ब्लफ गोदीचं, ग्रेट पी डी नदीवरच्या. सोबत इंग्लंडमधल्या आणि दोन्ही महायुद्धांतल्या काही गोद्या येतील, कारण एकाच जागेवर सगळ्या गोष्टी शिकायला मिळत नाहीत.

आधी हे समजून घ्या: गोदी इथेच का?

खोरं-कुदळ फार लांबची गोष्ट आहे. पहिला प्रश्न असा की समुद्र सोडून इतक्या आत, नदीवर जहाज बांधायची वेळ का आली. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ च्या वसंतात दक्षिणेच्या म्हणजे कॉन्फेडरेट बाजूच्या हातून आधी न्यू ऑर्लिन्स गेलं आणि मग नॉरफोक, म्हणजे मोठ्या गोद्याच गेल्या. किनाऱ्यावर युनियनच्या म्हणजे उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी होतीच. मग नौदलमंत्री स्टीफन मॅलरीच्या खात्याने आतल्या नद्यांवर गोद्या काढल्या: पी डी नदीवर मार्स ब्लफ, न्यूस नदीवर व्हाइट हॉल, रोअनोक नदीवर एडवर्ड्स फेरी, चॅटाहूची नदीवर कोलंबस आणि सॅफोल्ड. एडवर्ड्स फेरीला तर अल्बमार्ल हे चिलखती जहाज अक्षरशः मक्याच्या शेतात बांधलं.

या जागा निवडताना बघितलेल्या गोष्टी जवळपास सारख्याच आहेत, आणि त्याच तुमच्या शोधाला लागू करायच्या: लाकूड जवळ हवं, रेल्वे किंवा चांगला रस्ता हवा कारण इंजिनं, तोफा, लोखंडी पत्रे बाहेरून यायचे, काठ इतका उंच हवा की पुराने गोदी बुडू नये आणि तरी पाण्याकडे उतार मिळावा, आणि वर्षातून काही काळ तरी बांधलेलं जहाज खाली नेण्याइतकं पाणी हवं. मार्स ब्लफ हे नावच उंच काठाचं आहे आणि जवळून विल्मिंग्टन अँड मँचेस्टर रेल्वे नदी ओलांडत होती. पाण्याचा हिशोब चुकला तर काय होतं ते व्हाइट हॉलला बांधलेल्या न्यूस जहाजाने दाखवलं, एप्रिल १८६४ मध्ये मोहिमेवर निघालं आणि किन्स्टनच्या जवळच वाळूत रुतलं.

या चार गोष्टी नकाशावर मांडल्या की काही किलोमीटरच्या काठातून दोन-तीनच जागा उरतात. शोध तिथून सुरू करायचा.

पायरी १: कागद

इथे जितका वेळ घालवाल तितका पुढे खणायचा खर्च वाचेल, त्यामुळे ही पायरी उरकून टाकू नका.

१८६५ साली रिचमंड पडताना कॉन्फेडरेट सरकारचे पुष्कळ कागद जळाले. तरी पैशाचे कागद बऱ्यापैकी टिकतात, कारण ते अनेक हातांत असतात. लाकूड पुरवणाऱ्याची बिलं, रेल्वेचं भाडं, सुतारांचे पगार, अधिकाऱ्यांची पत्रं, "खिळे अजून आले नाहीत" अशा तक्रारी. स्थानिक वर्तमानपत्रातल्या जाहिराती पण बघा, गोदीला माणसं आणि माल हवा असला की तिथे छापून यायचं.

एक तक्ता करा. तारीख, काय आलं, किती, कुठून, कशाने आणि कागदात ते कुठे ठेवल्याचं म्हटलंय का. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण "लोहारशाळेजवळ उतरवलं" किंवा "गिरणीच्या वर रचलं" अशी एखादी ओळ पुढे खड्डा कुठे घ्यायचा ते सांगते.

आता माणसांबद्दल. दक्षिणेत युद्धाची कामं मोठ्या प्रमाणात गुलाम केलेल्या काळ्या लोकांकडून करून घेतली जायची आणि मालक त्यांना सरकारला भाड्याने द्यायचे. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये कॉन्फेडरेट सरकारची अशी गुलाम-पगारपत्रकं आहेत आणि ती स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीत. त्यातलं एखादं पान नीट बघा. एका रकान्यात मालकाचं नाव, एकात ज्याने काम केलं त्याचं नाव, बहुतेक वेळा नुसतंच पहिलं, मग काम, दिवस, दर, आणि शेवटी पैसे मिळाल्याची सही. ती सही मालकाची. अशी पानं कोणत्या कामाच्या ठिकाणासाठी आहेत ते तपासून आपल्या नदीच्या परिसराशी जुळणारी वेगळी काढा आणि ती नावं सुरुवातीपासून तक्त्यात घ्या, शेवटी एक परिच्छेद जोडून काम भागवू नका. कारण उद्या खड्ड्यात तुटलेली चिलीम किंवा स्वयंपाकाचं भांडं सापडेल तेव्हा ते कुणाचं असू शकतं हा प्रश्न या नावांशी येऊन थांबणार आहे.

इंग्लंडच्या गोद्यांचं काम कागदाच्या बाबतीत सोपं. ब्यूली नदीवरच्या बकलर्स हार्डला हेन्री अ‍ॅडम्सने नौदलासाठी ठेक्यावर जहाजं बांधली, १७८१ ची अ‍ॅगामेम्नॉन ही ६४ तोफांची, पुढे १८०३ ची युरिअ‍ॅलस आणि १८०४ ची स्विफ्टशुअर, आणि तिघीही १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत होत्या. ठेक्याचं काम म्हणजे मापं, मुदती, हप्ते सगळं लिहिलेलं. विसाव्या शतकातल्या गोद्यांसाठी हवाई फोटो शोधा. डेलावेअर नदीवर फिलाडेल्फियाला पहिल्या महायुद्धात हॉग आयलंड गोदी होती, एका रांगेत ५० स्लिपवे (जहाज बांधून पाण्यात सोडायचे उतार), आज त्या जागेवर विमानतळ आहे. अशा ठिकाणी जुना फोटो हाच मुख्य पुरावा.

पायरी २: नदी हलते, नकाशा हलत नाही

नदी वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ खाते आणि आतल्या बाजूला गाळ टाकते. दीडशे वर्षांत १८६३ चा काठ आज नदीच्या मधोमध असू शकतो, किंवा उलट, तेव्हाचा स्लिपवे आज पाण्यापासून बराच आत झाडीत असू शकतो. आज जिथे पाणी आहे तिथेच काठावर खणत बसणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

जुने नकाशे जीआयएसमध्ये (नकाशे एकावर एक ठेवून बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आजच्या नकाशावर बसवा. बसवताना न हलणाऱ्या खुणा घ्या: रेल्वे पुलाचे जुने खांब, चर्च, जमिनीच्या हद्दी, पक्के रस्ते. नदीचं वळण स्वतः कधीच खूण म्हणून घ्यायचं नाही, हे वाचताना उघड वाटतं पण घाईत खूप जण तेच करतात. किमान तीन वेगवेगळ्या काळातले काठ एकावर एक टाका, म्हणजे नदी कुठल्या बाजूला सरकतेय ते कळतं. वर कुठे धरण झालंय का, ड्रेजिंग झालंय का, बंधारा घातलाय का, हेही विचारून घ्या, कारण ड्रेजिंगने एकदा तळ उकरला की तिथला थर गेलाच.

जमिनीचा लायडार डेटा (विमानातून लेझरने मोजलेले उंचसखल भाग) मोफत मिळत असेल तर लगेच उतरवून घ्या. झाडीखालची जमीन त्यात दिसते. पाण्याकडे जाणारी लांबट, सरळ, दोन्ही बाजूंनी थोडी उंच असलेली खाच दिसली की तिथे पेनने गोल करा, आणि मागे पठारावर रस्त्याची दबलेली रेघ तिला येऊन मिळते का ते बघा.

पायरी ३: परवानगी आणि जीव

परवानगी मिळेपर्यंत मेटल डिटेक्टरसुद्धा चालू करू नका. काठाची जमीन एकाची, नदीचा तळ दुसऱ्याचा आणि बुडालेलं लष्करी सामान तिसऱ्याचं असू शकतं. अमेरिकेत कॉन्फेडरेट नौदलाची मालमत्ता युद्धानंतर केंद्र सरकारकडे गेली आणि बुडालेल्या लष्करी जहाजांसाठी २००४ चा वेगळा कायदा आहे. ब्रिटनमध्ये १९८६ चा लष्करी अवशेषांचा कायदा आहे आणि लंडनजवळ थेम्सच्या ओहोटीच्या पट्ट्यात शोधाशोध करायची तर पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचं परमिट लागतं. युनेस्कोचा पाण्याखालच्या वारशाचा २००१ चा करार १०० वर्षांपेक्षा जास्त पाण्याखाली असलेल्या अवशेषांबद्दल आहे, तुमचा देश त्यात आहे का ते बघून घ्या.

जिवाचं म्हणाल तर, तोफा असतील तिथे गोळे असतातच. स्फोटक भरलेला गोळा दीडशे वर्षांनीही धोकादायक असू शकतो, गंजलेला गोल दगड समजून कुणीही उचलायचा नाही, जागा नोंदवून मागे सरायचं आणि बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाला बोलवायचं. महायुद्धांच्या गोद्यांवर आणखी भर म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस, शिसं असलेला रंग आणि तेल मुरलेली माती.

पायरी ४: चालत बघणं

हिवाळ्यात किंवा पाणी सगळ्यात कमी असताना जा. झाडी विरळ, काठ उघडा. भरती-ओहोटीची नदी असेल तर ओहोटीच्या तळाच्या आधी पोचा आणि परतीची वेळ आधीच ठरवून ठेवा.

काय बघायचं? जहाज बांधायची जागा म्हणजे स्लिपवे, तिथे मधोमध जहाजाच्या कण्याखाली ठेवायचे जाड ठोकळे आणि दोन्ही बाजूंना जहाज घसरायच्या लांब तुळया असायच्या. ठोकळे नेले तरी खाली ठोकलेले खुंट आणि आडव्या तुळया गाळात राहतात. उतार साधारण २० फुटांना एक फूट अशा आसपासचा असतो, डोळ्याला तो जेमतेम जाणवतो, म्हणून लेव्हल लावून मोजाच. स्लिपवेच्या वरच्या टोकापासून पाण्यापर्यंतचं अंतर मिळालं की किती लांबीचं जहाज तिथे मावलं असतं त्याचा अंदाज येतो, आणि कागदातल्या जहाजाशी तो जुळतो का हे लगेच तपासता येतं.

पण इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. अरुंद नदीत लांब जहाज टोकाकडून सोडलं तर ते समोरच्या काठावर जाऊन आदळेल, म्हणून अनेक नदीवरच्या गोद्यांत जहाज काठाला समांतर बांधून आडवं सोडत. दुसऱ्या महायुद्धात ओहायो नदीवर इव्हान्सव्हिलला रणगाडे उतरवणारी १६७ एलएसटी जहाजं अशीच आडवी पाण्यात गेली. त्यामुळे तुम्ही फक्त पाण्याकडे काटकोनात जाणारी खाच शोधत राहिलात आणि ती मिळाली नाही, तर गोदी नाही असं म्हणायचं कारण नाही, काठाला समांतर सपाट पट्टा आणि त्याच्यापुढे आडव्या तुळयांची रांग शोधा.

बाकी खुणा: करवतीचा खड्डा (लांबट, खोल, आता अर्धा भरलेला), कोळसा आणि लोखंडाचा मळ पसरलेला काळा पट्टा, विटांचे तुकडे, डांबर सांडून दगडासारखा झालेला गोळा, लाकूड भिजत ठेवायचं तळं. प्रत्येक गोष्टीचा जीपीएस बिंदू, फोटो, दोन ओळींची नोंद. उचलायचं काही नाही.

पायरी ५: यंत्रं लावा, पण त्यांच्या मर्यादा ओळखून

जमिनीवर मॅग्नेटोमीटर (लोखंडाने आणि भाजलेल्या मातीने बदललेलं चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) फार उपयोगी, भट्टी आणि लोखंडाचा ढीग तो झटकन दाखवतो, अडचण एवढीच की गोदीत सगळीकडे खिळे असतात आणि नकाशा ठिपक्यांनी भरून जातो, म्हणून एकेका ठिपक्यामागे न धावता रेघा आणि चौकोन शोधा. जमिनीत शिरणारं रडार कोरड्या वाळूत उत्तम, ओल्या चिकणमातीत जवळजवळ आंधळं. नदीकाठी बहुतेक वेळा तीच माती असते, म्हणून भाड्याने आणायच्या आधी हाताने चालवायच्या ऑगरने माती काढून बघा.

पाण्यात साइड-स्कॅन सोनार (आवाजाच्या लहरींनी चित्र काढणारं यंत्र) तळावर उघडं काय आहे ते दाखवतो आणि बोटीमागे ओढायचा मॅग्नेटोमीटर गाळाखालचं लोखंड. दोन्ही एकत्र लावायचे. सोनारला बुडालेलं झाड आणि तोफ कधीकधी सारखीच दिसतात, मॅग्नेटोमीटरला झाड दिसतच नाही.

मार्स ब्लफला बांधलेल्या पी डी जहाजाच्या तोफांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १८६५ च्या सुरुवातीला युनियनचा सेनापती शर्मन याचं सैन्य साउथ कॅरोलायनातून येत होतं, तेव्हा जहाज शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तोफा नदीत ढकलल्या आणि जहाज पेटवलं. तीन तोफा होत्या: दोन ब्रुक रायफल्स (नळीत आतून पीळ असलेल्या तोफा), एक ६.४ इंची आणि एक ७ इंची, आणि एक ९ इंची डालग्रेन. ब्रुक हा दक्षिणेचा नमुना, डालग्रेन उत्तरेच्या नौदलाचा, आणि दोन्ही एकाच छोट्या गनबोटीवर, यावरूनच मिळेल ते वापरायची परिस्थिती कळते. स्थानिक हौशी पाणबुड्यांचा आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या पुरातत्त्व संस्थेचा यात मोठा हात होता, ईस्ट कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांचं फील्ड स्कूलही या जागेवर झालं, आणि २९ सप्टेंबर २०१५ ला तिन्ही तोफा पाण्याबाहेर आल्या. पण संशोधकांना नुसत्या तोफांमध्ये रस नव्हता. तोफा कुठे पडल्या यावरून जहाज त्या क्षणी कुठे होतं आणि गोदी काठावर कुठे असावी याचा धागा मिळतो.

पायरी ६: खड्डा कुठे आणि कसा

पहिला खड्डा स्लिपवेला आडवा घ्या, उभा नको. आडव्या छेदात मधले ठोकळे, दोन्ही बाजूच्या तुळया, आधाराच्या वाश्यांचे खळगे आणि वरचे थर एकाच भिंतीत दिसतात. रुंदी दीड-दोन मीटर ठेवा, त्यापेक्षा अरुंद खड्ड्यात काम करायला जागा उरत नाही, आणि ओल्या गाळाची भिंत रुंदी कितीही असली तरी आत येऊ शकते. पाणी भरणारच, म्हणून एका कोपऱ्यात खोल खळगा करून पंप लावा, आणि पंपाचं पाणी जाळीतून जाऊ द्या नाहीतर बारीक वस्तू त्याच्याबरोबर नदीत.

थर कसे लागतात? वर पुराचा पोयटा, खाली जळक्याचा थर असला तर, आणि मग लाकडाच्या ढलप्यांचा थर. हा ढलप्यांचा थर म्हणजे गोदीचा आत्मा. ओल्या मातीत हवा पोचत नाही त्यामुळे ढलप्या ताज्या असल्यासारख्या निघतात, पहिल्या काही मिनिटांत पिवळसर आणि मग बघता बघता काळ्या पडतात. एक हातात घेऊन उजेडाला तिरकी धरा. वाकसाने तासलेली ढलपी पातळ आणि किंचित वळलेली असते, कुऱ्हाडीची जाड आणि पायरीसारखी तुटलेली, आणि हत्याराच्या पात्याला खाच पडलेली असेल तर त्या खाचेची बारीक रेघ प्रत्येक ढलपीवर त्याच अंतरावर उमटते. म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणच्या ढलप्यांवर तीच रेघ मिळाली तर एकच हत्यार दोन्हीकडे चाललं होतं. हा थर पूर्ण फेकून देऊ नका, ठराविक चौकोनातून बादल्या भरून सॅम्पल घ्या, जात ओळखायला प्रयोगशाळेत द्या. पाइन, ओक, सायप्रस किती प्रमाणात, हे कळलं की ठेक्यात लिहिलेलं लाकूड खरंच वापरलं की नाही ते समोर येतं.

लोहारशाळेसाठी साधं काम: मातीच्या प्रत्येक चौकोनातून मूठभर माती वाळवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून ती पिशवी मातीवर फिरवा. लोहार तापलेलं लोखंड ठोकतो तेव्हा उडणारे पातळ खपले चुंबकाला चिकटतात, आणि दोन तुकडे तापवून जोडले असतील तर बारीक गोल मणीही मिळतात. प्रत्येक चौकोनाचं वजन नकाशावर टाका. जिथे खपले सगळ्यात दाट तिथे ऐरण. इमारतीची एकही वीट उरली नसली तरी ही पद्धत चालते.

खिळ्यांकडे नीट बघा. हाताने घडवलेला, यंत्राने पत्र्यातून कापलेला चौकोनी आणि तारेपासून केलेला गोल, हे तीन वेगळे काळ आहेत. तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्रास झाले, त्यामुळे १८६०च्या दशकातल्या थरात गोल खिळा आला की बहुधा वरून काहीतरी शिरलंय असं समजायचं, उंदराचं बीळ, झाडाचं मूळ किंवा नंतरचं खोदकाम. ब्रिटिश नौदलाच्या वस्तूंवर तीन रेघांचा बाण कोरलेला असतो, तांब्याचा पत्रा मोठ्या प्रमाणावर दिसला तर बहुधा १७८० नंतरचं काम.

आणि लाकडाच्या वयावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मेडवे नदीवरच्या चॅथम गोदीत १९९५ साली चाकं बनवायच्या कारखान्याच्या फरशीखाली जहाजाच्या तुळया सापडल्या. नंतर कळलं की त्या नामूर या ९० तोफांच्या जहाजाच्या, जे १७५६ साली त्याच गोदीत पाण्यात सोडलं होतं आणि १८३३ साली मोडलं. म्हणजे लाकूड अठराव्या शतकातलं, पण तिथे बसवलं एकोणिसाव्या शतकात. लाकडातल्या वर्तुळांवरून झाड कधी तोडलं ते कळतं, ते कधी वापरलं ते नाही. गोद्या जुनी लाकडं कायम पुन्हा वापरायच्या.

पायरी ७: पाण्याखालचं काम

गढूळ नदीत दिसत काहीच नाही, हाताने चाचपून मोजायचं असतं. तळावर एक मुख्य दोरी ताणा, त्यावर दर मीटरला वेगळ्या गाठी बांधा म्हणजे अंधारातही बोटांना आकडा कळतो. प्रवाहात एकटं उतरायचं नाही, वरच्या अंगाने वाहत येणाऱ्या ओंडक्यांवर लक्ष ठेवायला काठावर माणूस हवाच.

स्लिपवेच्या बरोबर समोरचा तळ आधी घ्या. जहाज सोडताना त्याच्याखालचा पाळणा, पाचरी, आधाराचे वासे बरोबर पाण्यात जातात, काही तरंगून परत मिळतात, बाकीचे तिथेच बुडतात. शिवाय वर्षानुवर्षं काम करताना हातातून पडलेली हत्यारं. जहाज कुठलंही असो, तो पट्टा गोदीचाच.

पायरी ८: उचलायच्या आधी टाकी तयार

हा माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा. वस्तू बाहेर काढायच्या आधी ती कुठे, कशात आणि किती वर्षं ठेवणार, पैसे कोण देणार, हे लिहून झालेलं हवं. ओलं लाकूड सुकलं की आक्रसतं, फाटतं, आणि परत पहिल्यासारखं होत नाही. लहान तुकडे पाण्याच्या डब्यात, अंधारात, थंड ठेवा, मोठ्यांवर ओली गोणपाटं आणि प्लॅस्टिक. पुढे लाकडात पाण्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन मुरवावं लागतं, स्वीडनच्या व्हासा जहाजावर ते १७ वर्षं फवारलं. लोखंडात क्षार शिरलेले असतात, ते अल्कलीच्या टाकीत विजेचा मंद प्रवाह सोडून काढावे लागतात. मार्स ब्लफच्या तोफांची प्रक्रिया चार्ल्सटनजवळच्या वॉरन लॅश केंद्रात झाली, यादवी युद्धातली हनली पाणबुडी जिथे आहे तिथेच, आणि मग त्या फ्लॉरेन्स काउंटीत परत आल्या.

न्यूसचं उदाहरण उलटं आहे. तिचा सांगाडा १९६३ साली वर काढला आणि त्यानंतर अनेक दशकं तो उघड्या शेडखाली हवा खात राहिला, बंदिस्त संग्रहालयात गेला तो एकविसाव्या शतकात. पी डी जहाजाचे अवशेषही १९५४ साली उचलले गेले, तेव्हा आजच्यासारखी थर आणि जागा टिपायची पद्धत नव्हती, त्यामुळे त्या तुकड्यांवरून आज विचारायचे कितीतरी प्रश्न विचारताच येत नाहीत. पैसे किंवा जागा नसेल तर मोजा, फोटोग्रामेट्री करा (सगळ्या बाजूंनी फोटो काढून त्रिमितीय मॉडेल बनवा), गाळ परत टाका. गाळाने दीडशे वर्षं सांभाळलंय, अजून सांभाळेल.

पायरी ९: घाई कशी दिसते

युद्धकाळातली गोदी आणि शांततेतली गोदी यांत फरक काय, हा प्रश्न प्रत्येक थराला विचारा. न वाळवलेलं लाकूड, ठरलेल्या जातीऐवजी जवळचं मिळालेलं झाड, तांब्याच्या जागी लोखंड, रेल्वेच्या रुळांचे तुकडे. दक्षिणेत रूळ उखडून त्यांचे चिलखती पत्रे लाटले जायचे, त्यामुळे नदीकाठच्या गोदीत रुळाचा तुकडा हा कचरा समजून बाजूला टाकू नका. अर्धवट सोडलेलं काम फार मोलाचं, एका बाजूने तासलेली आणि दुसऱ्या बाजूने तशीच राहिलेली तुळई सांगते की माणसं काम टाकून गेली.

जळक्याच्या थराबद्दल मात्र जपून. कागदात "जाळलं" लिहिलंय म्हणून प्रत्येक कोळसा त्याच दिवसाचा होत नाही. वाफेची भट्टी, डांबराची कढई, नंतर जमीन साफ करताना लावलेली आग, सगळ्यांचा कोळसा होतो. जळके खिळे, वितळलेली काच आणि तापून लाल झालेली माती एकत्र, एकाच पातळीत आणि मोठ्या भागात पसरलेली असेल तरच मोठी आग म्हणा.

राहायच्या जागा शेवटी ठेवू नका. कामगारांच्या, सैनिकांच्या आणि गुलाम लोकांच्या झोपड्या बहुधा काठापासून थोड्या मागे, पाण्याच्या झऱ्याजवळ असतात. तिथे एक-एक मीटरचे खड्डे ठराविक अंतराने घ्या आणि खापरं, हाडं, बटणं, चिलमी कुठे दाट होतात ते बघा. गोदीतलं कौशल्याचं काम कुणी केलं याचं उत्तर नुसत्या अधिकाऱ्यांच्या पत्रातून मिळत नाही, आणि त्या लोकांचे वंशज आजूबाजूच्या गावांत असतील तर त्यांना खोदकाम ठरवतानाच बोलवा, प्रदर्शनाच्या उद्घाटनाला नाही.

पायरी १०: लिहून ठेवा आणि जमा करा

रिपोर्टमध्ये रिकामे निघालेले खड्डे पण टाका, मापांसकट. पुढच्या माणसाला तुम्हाला कुठे काही सापडलं नाही हे माहीत असणं तितकंच गरजेचं. मॅग्नेटोमीटरचा कच्चा डेटा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये द्या, कुठल्याशा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येच उघडेल असा नको. वस्तूंची नोंदवही, फोटोंची यादी, खड्ड्यांच्या भिंतींची चित्रं, सॅम्पल कुठल्या प्रयोगशाळेत आहेत ते, सगळं सरकारी अर्काइव्हला एक प्रत आणि स्थानिक संग्रहालयाला एक. लोकांसाठीच्या आवृत्तीत जागेचे नेमके अक्षांश-रेखांश काढून टाका, तोफा आणि बटणांचा बाजार मोठा आहे आणि रात्री डिटेक्टर घेऊन येणारे रिपोर्ट आपल्यापेक्षा लवकर वाचतात. खड्डे भरताना तळाला जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड) अंथरून त्यावर खोदकामाच्या वर्षाचं एखादं नवं नाणं टाका, म्हणजे परत कुणी उघडलं तर आपण कुठपर्यंत गेलो होतो ते त्याला लगेच कळेल.